बुटांसकट फोटो

बेकतेमीरचं लग्न एका मंगळवारी दुपारी पार पडलं आणि सत्तावीस बायका चहा पिऊन गेल्या. असं काही झालंच नाही, त्यामुळे तो विषय इथेच सोडू. विषय फोटोचा आहे.

बेकतेमीर डोंगरातला वाटाड्या. काराकोल शहराच्या वरच्या अंगाला त्याचं गाव. मागच्या उन्हाळ्यात त्याने सहल मंडळाच्या यादीसाठी घोड्यासोबतचा फोटो दिला होता. अकरा जणांनी चौकशी केली, अकराही जणांनी घोड्याची. यंदा मंडळाने कळवलं, की फोटो एकट्याचा हवा, मागे पांढरं हवं आणि पायातले बूट दिसायला हवेत. मंगळवारी पाचपर्यंत आला नाही तर नाव कमी होईल. नाव कमी झालं की उन्हाळाभर काकाच्या मेंढ्या.

"फोटोवाल्याची काय गरज?" त्याची मोठी बहीण नुरझात म्हणाली. ती त्या मंगळवारी सकाळीच राजधानीहून, बिश्केकहून आली होती आणि तिने यावर एक व्हिडिओ पाहिला होता, पूर्ण नाही, पण बराचसा. "फोन आहे, खिडकी आहे, पांढरा पडदा आहे. लोक एवढ्यावर नाव काढतात."

फोन ठेवायला भिंतीशी रचलेल्या गाद्यांची चळत होती. त्यावर चहाची किटली आणि किटलीला टेकवून फोन. चेहऱ्यावर उजेड पाडायला चकचकीत ताट. बटण दाबलं की फोन दहा सेकंद थांबून फोटो काढणार होता. सगळं जमलं, फक्त खोलीच्या कोपऱ्यात लावलेला पडदा खिळ्यावरून सारखा निसटत होता.

"मी मागे उभी राहून धरते," नुरझात म्हणाली. "तू फक्त विश्वासू दिस."

"विश्वासू म्हणजे कसं?"

"आत्ता दिसतोयस तसं नाही."

पडदा जमिनीपर्यंत पोचत नव्हता. खाली नुरझातची पावलं दिसत होती, आजीच्या लाल लोकरी मोज्यांतली. बेकतेमीरने इस्त्रीचा कोट आणि पांढरी कालपाक टोपी घातली आणि पडद्यापुढे ताठ उभा राहिला. नेमकी तेव्हाच शेजारची झूरा-आपा दही परत द्यायला खिडकीपाशी आली.

त्या भागात नव्या नवरीला घराच्या कोपऱ्यात पांढऱ्या पडद्याआड बसवतात. इथे कोपऱ्यात पांढरा पडदा, मागे बाईची पावलं, पुढे कोटातला बिनलग्नाचा मुलगा. यावरून झूरा-आपाने काय समजावं? तिने दही खिडकीत ठेवलं आणि निघून गेली. दहा मिनिटांनी ती चौघींना घेऊन आली. सोबत नवरीच्या डोक्यावर घालायचा पांढरा रुमाल होता आणि परातभर बोर्सोक, म्हणजे सणासमारंभाचे कणकेचे गोळे, तळून आणले होते. ते इतक्या लवकर कसे तळले, हे आजही कोणाला माहीत नाही.

"कधी आणलीस रे?" झूरा-आपाने विचारलं.

"काय?"

"लाजतोय," ती बाकीच्यांना म्हणाली.

"आपा, मागे माझी बहीण आहे."

"हो, सोबतीला कोणीतरी लागतंच. आणि नवरी?"

"नवरी नाही. मी फोटो काढतोय."

"काढ की. आम्ही कुठे अडवलं?" असं म्हणून तिने शकुनाच्या मूठभर गोड गोळ्या पडद्यावर उधळल्या. एक किटलीला लागली. फोन गाद्यांच्या मागे गेला.

फोन निघेपर्यंत बायका चौदा झाल्या. नुरझातला हाक मारली तर ती बाहेर येईना. आतून एक हात मात्र येत होता आणि नवरीचं तोंड बघायला आणलेली भेट घेऊन परत जात होता.

"ताई, बाहेर ये," बेकतेमीर पडद्याला म्हणाला.

"थांब रे. कानातले आलेत."

शेवटी त्याने स्वतःच पडद्याला हात घातला. झूरा-आपाने त्याच्या हातावर चापट मारली. सासूच्या आधी पडदा कोणी हलवायचा नाही, असा नियम तिने जाहीर केला, आणि सगळ्यांनी तो आधीपासून ठाऊक असल्यासारख्या माना हलवल्या.

साडेचारला आई बाजारातून आली. सत्तावीस बायकांनी वाट करून दिली. आईने पडद्याची कड उचलून आत पाहिलं. आत तिची लेक होती, डोक्यावर सहा रुमाल. आईने कड सोडून दिली.

"कशी आहे?" झूरा-आपाने विचारलं.

गेली सहा वर्षं प्रत्येक पंगतीत आईला 'तुमच्या बेकाच्या लग्नाचं काय' असं हीच झूरा-आपा विचारत आली होती.

"गुणाची वाटते," आई म्हणाली. "नाकावरून तर आमच्याच घरची."

मग मुलाच्या कानाशी लागून ती पुटपुटली, "तू फोटो काढ. यांना उद्या सांगू."

"काय सांगशील?"

"उद्याचं उद्या."

ताट झूरा-आपाने धरलं. तिचा हात अजिबात हलला नाही. बेकतेमीरच्या चेहऱ्यावर असा उजेड पडला, की तो खरोखरच विश्वासू दिसला. पाचाला तीन मिनिटं असताना फोटो गेला. पाठवण्याआधी त्याने आपली हनुवटी नीट पाहिली, कॉलर पाहिली, बूट पाहिले. स्वतःच्या फोटोत माणूस बाकी काही बघत नाही. बाकीचं मंडळातल्या कारकूनबाईंनी पाहिलं.

सकाळी त्यांचा फोन आला. "अभिनंदन. तुम्हाला सपत्नीक वाटाड्यांच्या यादीत टाकलंय. तिथे तुम्ही एकटेच आहात. चार तुकड्या ठरल्या, सगळ्या बायकांच्या. वहिनी सोबत असणार म्हणून तुम्हालाच मागतायत."

"बाई, वहिनी नाहीत."

"फोटोत आहेत. नोंद झाली आता. बदलायची तर लेखी अर्ज करा."

बेकतेमीरने त्याच दुपारी अर्ज केला. त्यातला शेवटचा परिच्छेद असा :

'अर्जदार अविवाहित असून फोटोतील पावले बहिणीची आहेत. तरी नोंदीतील "सपत्नीक" हा शब्द वगळण्यात यावा. तसे करणे नियमात बसत नसल्यास, पहिली तुकडी बारा जूनला निघत असल्याने, त्यापूर्वी मंडळाने आपल्या स्तरावर एक पत्नी उपलब्ध करून द्यावी, व तिला चढाची सवय असावी, ही नम्र विनंती.'