पंखाखालची आई

एका जंगलात, मुलांनो, वडाखाली शाळा भरत असे. हाताची घडी घाला, तोंडावर बोट ठेवा आणि ऐका.

या शाळेत दरवर्षी 'माझी आई' हा निबंध असे. तो लिहायचा नसे, फळ्यावरून उतरवून घ्यायचा असे. फार पूर्वी रानकोंबडीच्या एका पिल्लाने तो लिहिला होता. 'माझी आई पहाटे उठते. ती अंगण उकरते. माझ्यासाठी किडे वेचते. थंडीत मला पंखाखाली घेते.' मुख्याध्यापक गवेगुरुजींना तो इतका आवडला की त्यांनी तो फळ्यावर लिहून ठेवला. मग फळा पुसणेच बंद झाले.

तेव्हापासून हरणाचे पाडस लिही, आई माझ्यासाठी किडे वेचते. मगरीचे पोर लिही, आई मला पंखाखाली घेते. अक्षर सुबक असले की दहापैकी दहा.

मग साळिंदरबाई आल्या. जन्म याच जंगलातला, पण शिक्षण डोंगरांपलीकडे झालेले. त्यांचे दर दुसरे वाक्य 'तिकडे'ने सुरू होई. पहिल्याच दिवशी त्यांनी फळा पुसला. गुरुजींना वाटले, बाई स्वच्छतेच्या भोक्त्या आहेत.

बाईंनी प्रत्येकाला आपला एकेक काटा काढून दिला आणि म्हणाल्या, "आपापली आई लिहा."

वर्ग घाबरला. कोल्ह्याच्या पोराने विचारले, "बाई, मुद्दे तरी द्या ना."

"मुद्दे नाहीत. घरी जे दिसतं ते लिहा. चुकलं तरी चालेल."

चुकलेले चालते, हे मुलांनी शाळेत पहिल्यांदाच ऐकले. मग एक काटा कुरकुरला, मग दुसरा. घंटा झाली तरी कोणी उठेना.

घुबडाच्या पिंगीने लिहिले, 'माझी आई दिवसभर झोपते. म्हणून आम्ही कुजबुजत भांडतो.' अस्वलाच्या पोराने लिहिले, 'आई म्हणते मध संपला. पण तिच्या तोंडाला मधाचा वास येतो.'

सगळ्यात शेवटपर्यंत बसला तो कासवाचा ढालू. आजवर मान वर न करता त्याने फळा उतरवला होता. आज त्याने लिहिले, 'मी आईला पाहिलेले नाही. मी अंड्यातून बाहेर आलो तेव्हा वाळू उबदार होती. ती जागा कोणीतरी शोधून निवडली असणार.'

"बाई, हे संपलं नाहीये," तो म्हणाला. "उद्या पुढचं लिहू?"

बाईंच्या अंगावरचे काटे उभे राहिले. मुलांनो, साळिंदराचे काटे दर वेळी रागानेच उभे राहतात असे नाही.

आनंदाच्या भरात बाईंनी सगळे निबंध वडाच्या खोडावर टोचून लावले, येणाऱ्या-जाणाऱ्याने वाचावेत म्हणून. तिकडे तसेच करतात.

सकाळी पालक आले. घुबडीण भर उन्हात डोळे बारीक करून आली. रात्रभर राबते मी, आणि पोरीने लिहिले काय तर आई झोपते, आता खारीसुद्धा हसतात, असे तिचे म्हणणे. अस्वलीण मात्र एवढेच विचारत होती, की ते मधाचे परीक्षेला येणार आहे का.

ढालूच्या बाजूने कोणीच आले नाही. म्हणून त्याची काळजी सगळ्यांनी मिळून केली. बिचाऱ्याला आई नाही, ते झाडावर लावायची काय गरज होती, असे सगळ्यांचे मत पडले.

"लिहिलंय ते खरं असेल हो," घुबडीण म्हणाली. "पण खरंच लिहायचं तर शाळेत कशाला घालायचं?"

गवेगुरुजींनी शांतपणे ऐकून घेतले. "बाई, तुमचा हेतू चांगला आहे. पण तपासायचं कसं? ढालूची आई बरोबर की चूक, हे मी कशावरून ठरवू?"

हा प्रश्न बाईंना तिकडे कोणी विचारलाच नव्हता.

निबंध उतरवले गेले. जुना निबंध पुन्हा फळ्यावर आला. शोधावा लागला नाही, तो साऱ्या जंगलाला पाठ होता.

मग वार्षिक निबंध स्पर्धा झाली. पहिला आला ढालू. सिंहमहाराजांच्या हस्ते त्याला एक पिकलेला पेरू मिळाला, आणि निबंध वाचून दाखवायचा मान. 'थंडीत ती मला पंखाखाली घेते,' असे ढालूने खड्या आवाजात वाचले, तेव्हा घुबडिणीने डोळे पुसले. आई नसूनही पोराने आईवर किती मनापासून लिहिलेय, असे ती शेजारणीला सांगत होती.

गर्दी पांगल्यावर बाई त्याच्याजवळ गेल्या. "ढालू, तुझं ते पुढचं राहिलंय. लिही ना. कुठेही लावणार नाही मी. फक्त मीच वाचेन."

ढालूने पेरूचा एक घास खाल्ला.

"नको बाई. हीच आई बरी. हिच्यासाठी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या."

आणि त्याने मान आत घेतली.

तात्पर्य : मुलांनो, आपली आई कशीही असो, निबंधातल्या आईला पंख असावेत. तपासायला सोपे जाते.