मालकांची नाडी

गजानन लघाटे यांच्या मनगटावरचं घड्याळ त्यांचं नव्हतं. ते त्यांच्या मालकांचं, जयसिंगरावांचं होतं. झाशीत कूलरचा कारखाना असलेल्या या माणसाची मुलगी ऋता बेंगळुरूला नोकरी करी, आणि तिनेच हौसेने ते पाठवलं होतं. बाबा कुठे आहेत, किती चालले, नाडी कशी आहे, सगळं तिला तिकडे फोनवर दिसे. सोबत दमही दिला होता, "रोज चालला नाहीत, तर सरळ उचलून बेंगळुरूला घेऊन येईन."

जयसिंगरावांना बेंगळुरू नको होतं. तिथे झाशीच्या दतिया गेटची कचोरी मिळत नाही. त्यांनी डोकं लढवलं आणि घड्याळ गजाननरावांच्या हाताला बांधलं. पर्सनल असिस्टंट आणखी कशाला ठेवतात? मालकांचा चष्मा शोधायचा, मालकांच्या वतीने व्याह्यांची माफी मागायची, हे चाललेलंच होतं. आता रोज संध्याकाळी सिव्हिल लाइन्समध्ये मालकांच्या वतीने घामही गाळायचा. तो गाळून परतावं, तर मालक कचोरी संपवून बोटं पुसत असत आणि फोनवर मुलगी म्हणत असे, "शाब्बास बाबा." कोणाच्या पायांना शाब्बास म्हणते आहेस, बाई?

तेही गजाननरावांनी गिळलं. पण शुक्रवारी त्यांनी रजा मागितली. शनिवारी ग्वाल्हेरला त्यांच्या एकुलत्या एका मुलीचा, इराचा साखरपुडा होता.

"अहो गजाननजी, साखरपुड्यात बापाचं काय काम?" जयसिंगराव म्हणाले. "अंगठी मुलगा घालणार, मुलगी घालून घेणार. तुम्ही शादीला जा ना. किसने रोका है?"

गजाननराव समोरच्या खुर्चीत बसून राहिले, पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या. बापाचं काय काम म्हणे. तुमचे कपडे धोब्याकडून आणायला बाप चालतो.

तेवढ्यात मालकांचा फोन वाजला.

"बाबा, तुमची धडकन इतकी तेज का आहे?" ऋताचा आवाज घाबरा होता. "आणि चलत पण नाही आहात. कोणावर गुस्सा आला आहे का?"

जयसिंगरावांनी गजाननरावांकडे पाहिलं. "हो बेटा. थोडा आला आहे."

"मग जो काय झगडा आहे तो खतम करा. नाहीतर मी उद्याच येते."

मालकांनी फोनवर हात ठेवला. "गजाननजी, शांत व्हा."

"मी शांतच आहे," गजाननराव म्हणाले.

"बाबा, आणखी वाढली," फोनमधून आलं.

"जा हो, जा उद्या," जयसिंगराव कुजबुजले. "दिली रजा."

थोड्या वेळाने ऋता म्हणाली, "हां, आता ठीक आहे. काय केलंत?"

"एकाला छुट्टी दिली."

"असं रोज करत जा."

गजाननराव दारापर्यंत पोचले, तेव्हा मागून हाक आली. "घड्याळ राहू द्या हातात. ग्वाल्हेरात काय सडका नाहीत? चक्कर चुकवू नका." या माणसाच्या हावरेपणाला काही सीमा?

शनिवारी ग्वाल्हेरला पाहुणे बसले होते, गुरुजी घाई करत होते, आणि गजाननरावांचा फोन वाजला.

"गजाननजी, गडबड झाली. ऋता विचारते, मी ग्वाल्हेरात काय करतोय?"

"मग काय सांगितलंत?"

"तुमच्या मुलीच्या साखरपुड्याला आलोय म्हटलं. दुसरं सुचेना. आता तिला व्हिडिओवर सगळं पाहायचंय. नेटवर्क नाही सांगून निघालोय. ग्वाल्हेरच्या वेशीवर पोचलोय, येतोच. तोवर अंगठी थांबवा."

गजाननरावांच्या अंगाचा तिळपापड झाला. काल ज्या कार्यात बापाचंही काम नव्हतं, ते आज मालकांसाठी थांबायला हवं होतं. "अंगठी थांबणार नाही," ते म्हणाले, आणि नोकरीत पहिल्यांदाच त्यांनी मालकांचा फोन आपणहून बंद केला.

पण गुरुजींच्याच यादीतली सुपारी राहिली होती. ती येईपर्यंत जयसिंगराव धापा टाकत दारात हजर. शर्टाची बटणं वरखाली लागलेली, ऋताला लावलेला फोन हातात. गजाननरावांच्या पत्नीला, रजनीला, सगळं माहीत होतं. तिने फोन कॅमेरा बाहेर राहील असा मालकांच्या वरच्या खिशात उभा खोचला आणि अंगठ्यांचं ताट त्यांच्या दोन्ही हातांत दिलं.

"आलात, बरं झालं. एवढं धरा, आणि इथून हलू नका."

स्वतःचा डबाही कधी न उचललेला माणूस ताट धरून उभा राहिला. मुलाने इराला अंगठी घातली. इराने आधी बाबांकडे पाहिलं, आणि गजाननरावांना भरून आलं. घड्याळाच्या हाताने त्यांनी डोळे पुसले.

"बाबा," मालकांच्या खिशातून आवाज आला, "धडकन परत वाढली. तब्येत ठीक आहे ना?"

जयसिंगरावांनी गजाननरावांच्या ओल्या डोळ्यांकडे पाहिलं आणि मोठा सुस्कारा सोडला.

"काही नाही गं. मुलीचा साखरपुडा आहे. बापाला होतं असं."

गजाननराव बघतच राहिले. पाय घेतले, घाम घेतला, आता पोटच्या मुलीचा उमाळाही हा माणूस आपल्या नावावर करतोय.

"पण बाबा," ऋता म्हणाली, "मुलगी तर गजाननकाकांची आहे ना?"

गजाननराव पुढे झाले आणि मालकांच्या खिशाकडे वाकले.

"हो बेटा. मुलगी माझी आहे, धडकनही माझी आहे, आणि घड्याळ माझ्याच हातात आहे. रोज चालतोही मीच."

खिशातून ऋता म्हणाली, "बाबा, सामान बांधा."

रजनी पेढे वाटत आली. मालकांच्या हातातलं ताट तिने काढून घेतलं, त्यांच्याकडे एकदा पाहिलं, आणि पेढा पुढच्या पाहुण्याला दिला.