एका लोकसभेतली सोयरीक

नवीन माणूस भेटला की आपण गाव विचारतो. अमळनेरचे आमचे शेजारी नाना लोकसभा विचारतात. समोरचा धुळ्याचा निघाला तर त्याला चहा मिळतो, पण गप्पा लवकर आटोपतात.

मुलीच्या लग्नात तर त्यांनी कहरच केला. धुळ्याचा चांगला नोकरीवाला मुलगा आला होता. सुमन पसंत पडली, पत्रिका जुळली आणि नानांनी मोडता घातला. विधानसभा वेगळी असली तरी चालेल, लोकसभा एकच पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. शेवटी सुमनला चोपड्याला दिली. तेव्हा अमळनेर आणि चोपडा एकाच मतदारसंघात होते.

याचं कारण बापलेकीचं भांडण. नाना ज्या उमेदवाराचे, सुमन हटकून त्याच्या विरोधात. सासरी गेल्यावर हे भांडण फोनवर चालू राहिलं. निवडणूक लागली की नानांचा आवाज आमच्या स्वयंपाकघरापर्यंत यायचा.

मग मतदारसंघांची फेररचना झाली. अमळनेर जळगावात गेलं आणि चोपडा रावेरमध्ये. गावात कुणाला त्याचं काही वाटलं नाही. नाना मात्र थेट तहसील कचेरीत गेले. "मी पोर चोपडाले दिधी व्हती, रावेरले नही," असं त्यांनी तिथल्या कारकुनाला सुनावलं. तो बिचारा म्हणाला की हे काम आमच्याकडे नाही.

पुढे सुमनची आई, आमच्या काकू, गेल्या. सुमनशी बोलणं तब्येत, पाऊस आणि 'ठेवतो' एवढ्यावर आलं. नाना भेटेल त्याला पुढची फेररचना कधी म्हणून विचारू लागले.

गेल्या निवडणुकीत भिंतीपलीकडून पुन्हा आरडाओरडा ऐकू आला. नानांनी रावेरचे सगळे उमेदवार पाठ केले होते. सुमनचा कोणता ते काढून घेतलं आणि त्याच्या विरोधातला धरला. मी म्हटलं, "नाना, तुमचं मत जळगावात. तिकडच्याशी तुमचा काय संबंध?"

त्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला.

"भाऊ, पोरसंगे बोलाले काहीतरी लागस ना."

निकालाच्या संध्याकाळी मी डोकावलो. आपल्याकडे कोण निवडून आलं, हे त्यांना ठाऊक नव्हतं. रावेरचा त्यांचा माणूस पडला होता. तरी नाना लग्नघरातल्यासारखे खुशीत होते आणि मला बळेच पेढा देत होते.

"मी हारनू," ते म्हणाले. "चिडावाले आज तिनीच फोन कया."