ॲम्प्लिफायरचे रूट कॅनाल

दाताच्या डॉक्टरांचा दवाखाना घराच्या पुढच्या खोलीत होता आणि त्यांचे सासरे मागच्या खोलीत राहत. मध्ये फक्त एक दार होते. तरीही दाढ दुखायला लागली की सासरे गालाला रुमाल बांधून, दवाखान्यात बसलेल्या सगळ्या पेशंटांसमोरून बाहेर पडत आणि चौकापलीकडच्या दुसऱ्या डॉक्टरांकडे जात.

"ते तुमचे सासरे ना?" पेशंट विचारत. डॉक्टर "हो" म्हणत, आणि मग पेशंट उगाच घड्याळाकडे बघू लागत. गेल्या महिन्यात तर दोघे जण सासऱ्यांच्या मागोमाग निघून गेले होते.

सासरे टेलिफोन खात्यातले निवृत्त इंजिनियर. नाकावर माशी बसू देत नसत. दात उपटायला पकड आणि जोर याशिवाय काय लागतं, असे त्यांचे जावयाच्या शिक्षणाबद्दलचे मत होते. त्यांचा जीव होता तो चाळीस वर्षे जुन्या ॲम्प्लिफायरमध्ये. पुढे दवाखाना, म्हणून ते हेडफोन लावूनच आवडत्या गायिकेचे जुने रेकॉर्डिंग ऐकत. अलीकडे मात्र त्यांची ॲम्प्लिफायरवरही खप्पा मर्जी झाली होती.

"बाई गायच्या बंद झाल्यात," एकदा जेवताना ते म्हणाले. "नुसती वाद्यं वाजतात."

डॉक्टरांनी उठून हेडफोन लावला. बाई छान गात होत्या.

"येतोय की आवाज, बाबा."

"तुम्हाला वाटणारच. पूर्वी त्या कशा गायच्या, हे तुम्ही ऐकलंय कुठे?"

सासऱ्यांनी निदानही स्वतःच केले. "आतला बोर्ड बदलायला हवा. नव्या बोर्डाचा संच मिळतो. माझे हात थरथरतात, नाहीतर मीच केलं असतं."

"मी करतो."

सासरे हसले. "नाजूक काम आहे, जावईबापू. करून दाखवा. मग दाढ घेऊन तुमच्याच खुर्चीत येऊन बसतो."

बायकोने ताटातून मान वर करून नवऱ्याकडे पाहिले. डॉक्टरांनी त्या क्षणी चंग बांधला.

संच आला. त्यात एक कोरा बोर्ड होता आणि पुड्या बांधून दिलेले शंभरएक बारीकसारीक भाग. रविवारी दवाखाना बंद असतो. डॉक्टरांनी ॲम्प्लिफायर पेशंटच्या खुर्चीत ठेवला, खुर्ची मागे झुकवली, वरचा दिवा ओढला आणि त्याचे झाकण काढले. जुना बोर्ड सोडवण्याआधी हेडफोनकडे जाणाऱ्या वायरींना त्यांनी चिठ्ठ्या डकवल्या: उजवी, डावी. दुसरा रविवार चिमट्याने एकेक भाग बसवून सोल्डरचा डाग देण्यात गेला.

"चूळ भरायला सांगू का त्याला?" बायकोने दारातून विचारले. डॉक्टरांनी भिंगाच्या चष्म्यातून वरसुद्धा पाहिले नाही.

तिसऱ्या रविवारी सासऱ्यांनी हेडफोन लावला आणि डोळे मिटले.

"बाई आल्या," सासरे म्हणाले. थोड्या वेळाने डोळे न उघडताच म्हणाले, "हात चांगला आहे तुमचा. मंगळवारी पाचला मोकळे आहात?"

सोमवारी सकाळी डॉक्टरांनी आपली करामत एकदा स्वतः ऐकावी म्हणून हेडफोन लावला. बॅलन्सचे बटण उजवीकडे फिरवले, तर आवाज डाव्या कानात गेला. चूक कुठे झाली ते त्यांना लगेच उमगले. वीस वर्षे ते समोरच्याच्या तोंडात बघत आले होते. उजवी दाढ म्हणजे पेशंटची उजवी, हे त्यांच्या हाडीमाशी खिळलेले. खुर्चीत ठेवलेल्या ॲम्प्लिफायरलाही त्यांनी पेशंट समजून उलट्या चिठ्ठ्या डकवल्या होत्या. आत येणाऱ्या वायरींची पट्टी एकाच बाजूने बसे, म्हणून ती वाचली. बाहेर जाणाऱ्या वायरींची मात्र अदलाबदल झाली होती.

"कुणाला कळणार आहे?" बायको म्हणाली.

"मला कळलंय."

जेवणाच्या सुट्टीत त्यांनी वायरी सरळ करून टाकल्या. संध्याकाळी सासरे दवाखान्याच्या दारात उभे राहिले.

"बाई पुन्हा गेल्या. एका दिवसाचं तुमचं काम. उद्याचं राहू दे, मी चौकात जातो."

शेवटचा पेशंट गेल्यावर डॉक्टर हेडफोन घेऊन बसले. एकदा डावा कान झाकला, एकदा उजवा. त्या जुन्या रेकॉर्डिंगमध्ये बाई फक्त उजव्या कानात गात होत्या, मागे थोडी वाद्ये; डाव्या कानात नुसती वाद्ये. ॲम्प्लिफायरला कधी काही झालेच नव्हते.

"म्हणजे बाबांचा उजवा कान..." बायको म्हणाली.

"हळू बोल."

"कशाला? त्यांची उजवी बाजूच आहे इकडे. हेडफोन उलटा घाला म्हणावं."

"उजवा म्हणून छापलेला भाग ते डाव्या कानाला लावतील? आणि इंजिनियरला कसं सांगू, की यंत्र ठणठणीत आहे, तुम्हीच बिघडलात?"

बायकोने स्क्रूड्रायव्हर आणून दिला. ज्याने आयुष्यात कधी जाणूनबुजून वाकडे काम केले नाही, त्या माणसाने वायरी पुन्हा उलट्या केल्या आणि चांगला घट्ट डाग दिला. हात काम करत होते, पण मन खात होते. थोड्या वेळाने मागच्या खोलीतून सासरे बाईंच्या सुरात सूर मिसळताना ऐकू आले, तेव्हा कुठे त्यांचा जीव भांड्यात पडला.

मंगळवारी पाचच्या ठोक्याला सासरे सगळ्या पेशंटांसमोरून आले आणि खुर्चीत बसले. डॉक्टर नेहमीप्रमाणे त्यांच्या उजव्या बाजूला उभे राहिले.

"बाबा, तोंड उघडा."

सासरे छताकडे बघत राहिले. डॉक्टरांनी पुन्हा सांगितले. तोंड मिटलेलेच. मग डॉक्टर स्टूल उचलून डावीकडे गेले आणि तिथून म्हणाले, "तोंड उघडा." सासऱ्यांनी चटकन आ केला. हत्यारांचा ट्रे पलीकडे राहिला होता. प्रत्येक वेळी अंगाला पीळ देत, कोपर वाकडे करत डॉक्टरांनी अर्धा तास काम केले. दाढ भरून झाली.

सासऱ्यांनी चूळ भरली. "तुमचा शब्द न् शब्द कळतो. तो चौकातला नुसता पुटपुटतो."

डॉक्टरांना भरून आले. तेवढ्यात सासऱ्यांनी दाराकडे पाहिले आणि आवाज खाली आणला.

"एकच सांगतो. सगळे दाताचे डॉक्टर उजवीकडे उभे राहतात. तुम्ही चुकून उलट्या बाजूला उभे राहिलात." त्यांनी जावयाच्या हातावर थोपटले. "असू दे. मी कुणाला सांगणार नाही."