काशिरामांची पकड

"आमच्या सत्यजीतचा हात कोणी कसाही धरो, तो सुटणारच!" कमलाकररावांनी चिवड्याचा बकाणा भरता भरता जाहीर केलं. "रोडपालीला ग्रॅपलिंगचा, म्हणजे कुस्तीतल्या पकडींचा, क्लास लावलाय त्याने!"

नवीन पनवेलच्या आपल्या फ्लॅटच्या हॉलमध्ये त्यांनी हे बोलायची काहीएक गरज नव्हती. सत्यजीतच्या शेजारी सोफ्यावर, जिच्याशी त्याचं लग्न ठरत होतं त्या प्रांजलचे वडील काशिराम बसले होते. करंजाच्या बंदरातून उभा जन्म बोटी नेलेला, जाळी ओढलेला माणूस. मुलगा आधी आपण पारखायचा, बायकांनी नंतर यायचं, असा त्यांचा खाक्या. पण पोराचं कौतुक सुरू झालं की कमलाकररावांच्या जिभेला लगाम नसे.

"हां? मंग सुट बरं," काशिराम म्हणाले. कोणाला काही कळायच्या आत त्यांनी सत्यजीतचा उजवा हात काखेत दाबला, मनगट धरलं आणि कोपर सरळ ताणलं.

सत्यजीतच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. क्लासमध्ये असं झालं की समोरच्याला दोनदा थोपटायचं. म्हणजे हरलो, सोड. तेवढा एकच डाव त्याचा आजवर पक्का झाला होता. पण इथे थोपटणार कसं? प्रांजलने सकाळीच फोनवर बजावलं होतं, "बाबांसमोर 'दुखतं' म्हणालास तर संपलंच. मागच्या मुलाला मांदेलीचा काटा टोचला, तो ओरडला आणि बाबा चहा न घेता उठून आले."

ओरडावं तर प्रांजल जाणार, गप्प बसावं तर कोपर. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

सरांनी शिकवलेलं त्याने आठवून पाहिलं. आधी अंगठा फिरवायचा. तो फिरला, तशी काशिरामांची काख आणखी आवळली. मग कोपर खाली खेचायचं. ते तसूभरही हललं नाही. शेवटचा उपाय म्हणजे पकडीच्या दिशेनेच गडबडा लोळायचं. सत्यजीत लोळायला गेला आणि त्याचा गुडघा टीपॉयवर आपटला. चिवडा गालिचाभर झाला.

"अरे, हे काय चाललंय?" चहाचा ट्रे घेऊन आलेल्या सत्यजीतच्या आई, वसुंधराबाई, दारातच थबकल्या.

"थांब गं, आता सुटेल बघ!" कमलाकरराव खुशीत म्हणाले.

सत्यजीतच्या कोपरात कळा येत होत्या. शेजारी काशिरामांचा चेहरा दगडासारखा, कपाळावर मात्र घाम. अखेर त्याने लाज गुंडाळून डाव्या हाताने त्यांच्या मांडीवर हळूच दोनदा थोपटलं. पकड ढिली होईना. पुन्हा थोपटलं. तीच गत. हा माणूस आता हात मोडूनच थांबणार, याची त्याला खात्री पटली.

"काका, हरलो. सोडा ना," तो त्यांच्या कानाशी पुटपुटला.

"सोडू कसा?" काशिराम ओठही न हलवता कुजबुजले. "माजा खांदा अडकलाय. जुना दुखना हाय. तू सुटशील म्हनून कवाधरनं वाट बघतंय मी!"

"मग सांगायचं ना!"

"तुज्या आईबापासमोर? रडका जावय नको म्हनून गावभर सांगत फिरलोय. आता मीच रडू काय?"

"मग करायचं काय?"

"हस. आनि माज्यासंगती ऊठ. खाली जाऊन डाक्टर गाठू."

दोघं तसेच एकमेकांना जखडलेले उठले. काशिराम मोठ्याने म्हणाले, "कमलाकरराव, पोरगा पसंत हाय! आमी दोगं जरा खाली जाऊन येतो."

सत्यजीतला कोपराचाही विसर पडला. प्रांजल त्याची झाली होती. आता फक्त दारापर्यंत पोचायचं होतं.

पण कमलाकररावांना आनंद मावेना. "असं कसं? आधी व्याहीभेट!" म्हणत ते धावले आणि त्यांनी काशिरामांना खांद्यासकट कडकडून मिठी मारली. कट् असा आवाज झाला. खांदा सुटला, हात सुटला आणि काशिरामांनी "आई गं!" म्हणून असा टाहो फोडला की शेजारच्या फ्लॅटचं दार उघडलं. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

वसुंधराबाईंनी ट्रे खाली ठेवून डोळ्यांना पदर लावला. "मुलीच्या बापाचं काळीज हो," त्या गहिवरून म्हणाल्या. "रडा, काशिरामभाऊ, मोकळं रडा."

काशिरामांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग कोपर चोळणाऱ्या सत्यजीतकडे पाहिलं आणि मान डोलावून ते पोटभर रडून घेऊ लागले. जावईही त्यांच्या गळ्यात पडून रडला.