नवरीच्या वडिलांनी स्टेजवर यावं

एआय आणि कायदा या विषयात जळकोट तालुक्यात माझ्याइतका अधिकारी माणूस दुसरा नाही! लातूरला या विषयावर एक दिवसाचं शिबिर झालं, तेव्हा आमच्या कोर्टातून मी एकटा कारकून गेलो होतो. साहेबांना ताप होता म्हणून. जेवण उत्तम होतं. व्याख्यान देणाऱ्या बाई म्हणाल्या, मशीन आता गेलेल्या माणसाचाही आवाज हुबेहूब काढतं, कायदा मागून धापा टाकत येतोय, तो पोचेपर्यंत ज्यानं त्यानं आपली अक्कल वापरावी. मी वापरली. पुढचं सगळं त्यातूनच झालं.

माझी पुतणी शिल्पा हिचं लग्न ठरलं होतं. तिचा बाप, म्हणजे माझा थोरला भाऊ वैजनाथदादा, जाऊन बरीच वर्षं झाली. महानंदावहिनींनी एकटीनं पोरीला वाढवलं, शिकवलं, आणि लग्न ठरताच जाहीर केलं की मी मांडवात मागं बसणार. विधवेनं शुभकार्यात पुढं येऊ नये हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, त्यांनीच ठरवलं होतं. त्यामुळं बोलायची पंचाईत. शिल्पा माझ्याकडं येऊन रडली.

"काका, आई फुडं न्हाई आली तर मला लगीनच नगं. काय बी करा."

"आईचं सोड," मी छाती फुगवून म्हणालो, "मी तुझ्या बापालाच आणतो!"

दादा म्हणजे आमच्या पंचक्रोशीतला माईकवरचा माणूस. अक्षता पडल्या की माईक त्याच्या हातात. कुणाला टॉवेल-टोपी, कुणाच्या हस्ते, कोण रुसून जीपमध्ये जाऊन बसलाय, कुणाच्या ताटात बुंदी पडली नाही, सगळं त्याला तोंडपाठ. त्याच्या आवाजात आपलं नाव ऐकायला माणसं दोन गावं चालत यायची. आता डीजेवाला येतो, छातीत धडधड वाढवतो आणि जातो. मला तर दादाशिवायची लग्नं अळणी लागतात, अगदी आजही.

माझ्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट घरात होती. तीत तासभर नुसता दादाच बोलतोय. तिचा आवाज फोनमध्ये उतरवून घेतला, मशीनला ऐकवला, नव्या पाहुण्यांची नावं दिली आणि सांगितलं, असंच बोल. मशीननं क्षणात तयार केलं. तपासायला मी ते वाजवून पाहिलं, तर पहिलंच वाक्य आलं, "बसून घ्या मंडळी, बसून घ्या, घाई कुणालाच न्हाई." मला असं भरून आलं की मी फोन बंद करून टाकला. पुढचं ऐकलंच नाही.

लग्नाच्या दिवशी मांडव गच्च भरला होता. नवरदेवाचे वडील महादेवप्पा उदगीरचे नामांकित वकील. पहिला मान त्यांचा, त्यामुळं ते पहिल्या रांगेत टोपी काढून तयारीत बसले होते. वहिनी मागच्या खांबापाशी, पाण्याच्या पिंपाजवळ. माझा फोन लाऊडस्पीकरला जोडलेला आणि स्पीकरवाला जेवायला गेलेला.

दादाचा आवाज सुरू झाला. बायकांच्या गप्पा थांबल्या. म्हातारी माणसं हात जोडून भोंग्याकडं बघायला लागली. शिल्पानं माझ्याकडं असं पाहिलं की मला वाटलं, माझ्या सगळ्या नोकरीचं सार्थक झालं. आणि मग दादा म्हणाला,

"नवरीचे वडील मांडवात जिथं असतील तिथून त्याइनी स्टेजवर यावं."

नवरीचा बाप स्वतःलाच बोलावत होता! माझ्या लक्षात आलं. मी 'असंच' म्हणालो होतो आणि मशीननं ते शब्दशः घेतलं होतं. कॅसेटमधल्या लग्नात नवरीचे वडील म्हणजे माझे सासरे. तेही आता नाहीत. माझ्या शेजारी आमच्या सौभाग्यवतींनी तोंडाला पदर लावला होता.

मी फोनकडं धावलो, पण वाटेत पंगत बसलेली. पत्रावळ्या ओलांडेपर्यंत दुसरं नाव आलं, "आमचे शेजारी किशनराव. त्याइला टॉवेल-टोपी." हा मानही कॅसेटमधलाच; नंतरच्या बांधाच्या भांडणापासून किशनराव आमच्याशी बोलत नव्हते. जेवणापुरते आले होते. ते उठले, सरळ स्टेजवर गेले आणि महादेवप्पांसाठी आणलेला भरजरी फेटा उचलून स्वतःच्या डोक्यावर ठेवला. खाली उतरताना म्हणाले, वैजनाथनं बोलावल्यावर बसून कसं राहायचं. त्यांचे डोळे लाल झाले होते.

महादेवप्पा उभे राहिले. कोर्टात उलटतपासणीला उठावं तसे.

"शिवशंकरराव, हे कुणाच्या परवानगीनं चाललंय?"

मी म्हणालो की कायदा अजून यायचाय.

"कायदा यील तवा यील. माणसाचा आवाज त्याच्या मालकीचा असतोय. तो न्हाई तर वारसाची संमती पायजे. घेतली का?"

वारस मागच्या खांबापाशी बसले होते आणि मी त्यांना एका शब्दानं विचारलं नव्हतं. महादेवप्पांनी वऱ्हाडाला चपला घालायची खूण केली. शिल्पाचा चेहरा पांढरा पडला. मी कसाबसा फोनपाशी पोचलो, बटणावर बोट ठेवलं, तेवढ्यात भोंगा बोलला,

"आमच्या महानंदाबाईंनी ताट घेऊन फुडं यावं. नवरीला ओवाळायचंय."

माझं बोट तिथंच राहिलं.

वहिनी उठल्या. कुणाकडं बघितलं नाही, कुणाला विचारलं नाही. एका सुवासिनीच्या हातातून ताट घेतलं आणि पंगतीमधून चालत, पदर सावरत स्टेजवर गेल्या. लेकीला ओवाळलं. शिल्पा त्यांच्या गळ्यात पडली आणि कुंकू दोघींच्या कपाळाला लागलं. वऱ्हाडाच्या चपला अर्ध्या पायातच होत्या.

महादेवप्पांनी वऱ्हाडाला चपला काढायची खूण केली. मग खाली बसले. "वारसाची संमती दिसली," ते म्हणाले. "आमची हरकत न्हाई."

पाठवणी झाल्यावर मी वहिनींची माफी मागायला गेलो. त्या ओट्यावर बसल्या होत्या.

"भाऊजी, इचारायला पायजे होतं तुमी," त्या म्हणाल्या. मग हसल्या. "घरात त्याइनी मला कदी नावानं हाक मारली न्हाई. 'ऐकलं का' म्हणायचे. तुमच्या लग्नात माईकवर एकदा नाव घेतलं, तेवढंच. आज दुसऱ्यांदा ऐकलं."

घरी आलो तो ही गोष्ट डोक्यात घेऊनच. माझी कॅसेट तपासली तर तीत मी कुठंच बोललेलो नाही, आणि लग्नानंतरही आमचं 'अगं' आणि 'ऐकलं का' यांवरच भागलंय. म्हटलं, आपण मशीनकडून घेऊ. त्याच्याकडून माझ्या आवाजात बायकोचं नाव वदवून घ्यावं आणि उद्या चहाच्या वेळी तिला ऐकवावं. लाजायचं काम मशीनचं!

फोन घेऊन बाहेरच्या खोलीत बसलो. पण मशीन आता शहाणं झालंय. ते म्हणालं, आवाज तुमचाच आहे आणि तुमची संमती आहे याची खात्री पटण्यासाठी हवा तो मजकूर आधी स्वतः मोठ्यानं म्हणा.

मी घसा खाकरला. दार लोटून घेतलं. घाम पुसला आणि म्हणालो, "गौरम्मा."

स्वयंपाकघरातलं भांडं वाजायचं थांबलं.

"आवो," आतून आवाज आला, "माझ्या माहेरचं कोण आलंय का?"