महादप्पांची बॅटरी

"आ कर!"

आमच्या औशात किराणा घ्यायला आईबरोबर कुणी पोर आलं, की महादप्पांचं पहिलं वाक्य हे. हातात बॅटरी. पोराच्या दाढा पाहिल्याशिवाय हा माणूस गूळसुद्धा तोलायचा नाही.

सामानाबरोबर पोराच्या हातावर गोड गोळी ठेवायची, ही आपल्याकडची रीत. महादप्पांनी ती बंद केली. त्यांच्याकडे बिनसाखरेचं च्युइंगम मिळतं, तेही जरा मोठ्या पोरांनाच. "बारकं गिळतंय," म्हणून बारक्यांना माठातलं पाणी आणि चूळ.

"जेवलास का? मग चाव. लाळ सुटू दे. लाळ लई गुणाची हाय बाबा, दातावरचं आंबट धुवून काढती!"

मी शेजारचा शिंपी. ह्यांच्या लाळेपायी माझ्या कातरीला दोनदा च्युइंगम चिकटलंय. भांडलो, पण ऐकतील तर ते महादप्पा कसले! एकदा शाळेतल्या बाई तणतणत आल्या, "अहो, अख्खा वर्ग रवंथ करतोय!"

"देवणी गाय दिवसभर रवंथ करती. किडला का तिचा दात?"

बाई आल्या पावली परत गेल्या. आता गाईच्या तोंडात कोण बघायला गेलंय?

एकदा मीच चिडवलं, "अप्पा, गोळ्यांच्या बरण्या होत्या तवा दुकान कसं भरलेलं दिसायचं!"

ते हसले नाहीत. "माझ्या शैलाला आई न्हवती. रडली की मी गोळी द्यायचो. झोपताना बी गालात गोळीच. पक्के दात बी किडले रे तिचे. पोरं 'बोळकी, बोळकी' करायची. माझ्याच हातानं झालं."

तिच्या लग्नातलं पोलकं मीच शिवलं होतं. हसताना तोंडावर हात धरायची, मला वाटायचं लाजाळू आहे. मला फार वाईट वाटलं.

परवा शैला लातूरहून सात वर्षांच्या लेकीला घेऊन आली. महादप्पांनी बॅटरी काढली. "आ कर गं." वरून बघितलं, खालून बघितलं. एकही दात किडलेला नाही! म्हातारा अर्धं दुकान वाटून टाकील, इतका खूश.

शैला हसली. हात सवयीनं तोंडावर गेलाच. तेवढ्यात नातीनं बॅटरी हिसकावली, "आई, आता तू आ कर!"

शैलानं बापाकडे पाहिलं आणि हळूच हात खाली घेतला.

महादप्पांनी नातीच्या हातातली बॅटरी विझवली. "न्हाई गं माय. तू नुस्ती हास."